गिअरचा दांडा हलतोय? आधी गाडीखाली पाहा

गिअरचा दांडा सैल झाला की गिअरबॉक्सच गेला, असं धरून चालणारे बरेच आहेत. मग कुणी भलताच खर्च करून बसतो, तर कुणी खर्चाच्या धास्तीनं तशीच गाडी रेटत राहतो. माझ्या जुन्या मारुती 800 वर ही पाळी आली, तेव्हा खराब निघालं ते एक बुश. आमच्याकडे अमरावती-अकोल्यात एमएच 27 आणि एमएच 30 पाटीच्या जुन्या गाड्या अजून पुष्कळ फिरतात. पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून घेऊन लोक त्या जिवापाड सांभाळतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

अमरावतीहून बडनेरा, लोणी, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू करत अकोला गाठायचा हा रस्ता कितीतरी वर्षं उखडलेला होता. गाडीचा पत्रा न् पत्रा वाजायचा, त्यात दांड्याची खडखड वेगळी कळणार कशी? जून 2022 मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटरचा डांबरी थर अंथरला गेला आणि त्याचा जागतिक विक्रम नोंदला गेला. नव्या डांबरावर गाडी शांत चालू लागली, तेव्हा ती खडखड स्वच्छ ऐकू यायला लागली. मूठ हातात धरली की थांबायची, सोडली की पुन्हा सुरू.

पुढचं लक्षण अकोल्यात, नेहरू पार्क चौकात दिसलं. सिग्नल सुटला, पहिला टाकला असं वाटलं, पण पडला तिसरा. गाडी धक्का देऊन बंद पडली आणि मागे हॉर्नचा कल्लोळ. चौकात हे निभावलं. हायवेवर ट्रकला ओलांडताना चौथ्यावरून तिसरा टाकायला जावं आणि हाताला काहीच लागू नये, तर जिवावर बेतेल. म्हणून गाडी त्या दिवसापासून बाहेर काढली नाही.

एका गॅरेजात दांडा वरूनच हलवून सांगितलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. गाडीखाली कुणी वाकूनही पाहिलं नाही. मग एका म्हाताऱ्या मिस्तरीला दाखवली. तो म्हणाला, "भाऊ, तुमी आत बसा अन् दांडा हालवा. मी खालून पायतो." मिनिटभरात खालूनच आवाज आला, "दांडा हालते, पन रॉड जागचा हालतच नाई. बुश पार गेलं हाय."

सगळं निदान एवढ्यात आलं. या गाडीत गिअरबॉक्स पुढे इंजिनाला लागून असतो आणि दांडा दोन सीटांच्या मध्ये. दोघांना जोडणारा रॉड गाडीच्या पोटाखालून जातो. त्याच्या सोबतीला आणखी एक रॉड असतो, तो दांड्याची बैठक जागेवर धरून ठेवतो. सांध्यांत रबराचे किंवा नायलॉनचे बुश असतात आणि शेजारून सायलेन्सरचा तापलेला पाइप जातो. अकोल्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या घरातला, त्यात ही पाइपची धग. रबर कडक होतं, तडकतं. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल सांध्यात शिरतो, वाळतो आणि उरलेलं बुश घासून खातो.

तेव्हा तपासणी घरीच सुरू करा. सपाट जागा, इंजिन बंद, हँडब्रेक वर. न्यूट्रलमध्ये दांडा आडवा हलणारच, तो दोष नव्हे. दुसरा गिअर टाका आणि मग हलवून पाहा. आता थोडीशी ढील चालते, पण दांडा कलंडत असेल किंवा मूठ वर ओढल्यावर वर उचलला जात असेल, तर रबरी बूट काढून आत बघा. तिथे गोळा आणि त्याची नायलॉनची वाटी असते. वाटी झिजली किंवा फुटली असेल, तर काम वरच्या वर होतं.

वाटी धड असेल तर एकाला आत बसवा आणि खाली पाहा. दांडा हलतो पण रॉड हलत नाही, तर मागचा सांधा गेला. रॉड हलतो पण गिअरबॉक्समधून बाहेर आलेला शाफ्ट हलत नाही, तर पुढचा. सगळं बरोबर हलतंय, इंजिन बंद असताना गिअर सुरळीत पडतात आणि इंजिन चालू केलं की करकरतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही. आधी क्लच केबल बघा. अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की दांडा पुढे-मागे उडत असेल, तर इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे माउंटिंगचं रबर, तपासा. एकच ठरावीक गिअर करकरतो किंवा चालत्या गाडीत निसटून न्यूट्रलवर येतो आणि बाहेरचे सांधे घट्ट आहेत, तेव्हाच गिअरबॉक्स उघडायचा विषय काढा.

बुश बदलणं अवघड नाही, पण गाडीखाली शिरायचं आहे हे विसरू नका. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली जाऊ नये. चाकांना उटी लावा, गाडी भक्कम घोडीवर टेकवा आणि सायलेन्सर थंड होऊ द्या. सांध्याचा बोल्ट गंजलेला असतो, त्यावर गंज सोडवणारं तेल मारून थांबा. घाईनं पाना फिरवला तर डोकं गोल होतं. सोडण्याआधी रॉड कसा बसला होता त्याची खडूनं खूण करा. दुकानात जुनं बुश सोबत न्या, कारण चार गिअरच्या आणि पाच गिअरच्या गाडीचे भाग एकच असतील असं धरता येत नाही. दोन्ही टोकांचे बुश, बोल्ट आणि स्प्रिंग वायसर एकदमच बदला.

एक गोष्ट मिस्तरीनं मुद्दाम बोट घालून दाखवली. माझ्या रॉडचं भोक लांबट झालं होतं, बैल ओढून ओढून खुंट्याचा खड्डा रुंद व्हावा तसं. अशा भोकात नवं बुश फार टिकत नाही. रॉड बदलावा किंवा भोक भरून पुन्हा मापात करून घ्यावं. रबराला साधं ग्रीस लावू नका, रबर फुगतं. ग्रीस गोळ्याला आणि नायलॉनच्या वाटीला लावा.

सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणं, बाइंडिंग तार आवळणं हे उपाय आपल्याकडे सर्रास चालतात. गॅरेज गाठेपर्यंत ठीक, पण ट्यूब सायलेन्सरच्या धगीनं वितळते आणि तार कापत जाते. तशा गाडीनं हायवेला लागू नका. वाटेतच सांधा सुटला, तर पार्किंग लाइट चालू करून गाडी डाव्या कडेला घ्या, माणसं कठड्यापलीकडे उभी करा आणि 1033 या राष्ट्रीय महामार्गाच्या हेल्पलाइनला फोन लावा. खाली शिरून हातानं दुसरा गिअर टाकता येतो, जाणकार तसं करतातही. पण धावत्या ट्रकांच्या शेजारी ते करू नये.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून रिव्हर्ससकट सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन चालू करून, मग मोकळ्या रस्त्यावर हळू. आठवडाभर गाडी चालली की सांध्याचा बोल्ट पुन्हा एकदा पान्यानं तपासा. नवं बुश दबून बसतं आणि बोल्ट किंचित सैल होतो. माझाही झाला होता.