मेंदूचा पक्षाघात व स्नायुविकार असलेली बालके : शिक्षकाचे कार्य



आपल्या पटावर एखादे असे नाव असते, की त्यापुढे हजेरीची खूण क्वचितच पडते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते : “त्याचे पाय चालत नाहीत, गुरुजी.” अशा बालकांविषयी आपणांस नेमके काय करता येईल, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दोन निरनिराळे विकार

पहिला विकार मेंदूच्या पक्षाघाताचा. डॉक्टर ह्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात. जन्मापूर्वी, जन्मसमयी किंवा त्यानंतर लवकरच मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागास इजा होते. ही इजा पुढे वाढत नाही. मात्र शरीर वाढत असते. हाडे लांब होतात आणि सदैव आखडलेला स्नायू त्यांच्या बरोबरीने लांबत नाही. परिणामी टाच उचलली जाते, गुडघा सरळ होईनासा होतो, मांड्या एकमेकींवर येतात. दररोजचे ताणाचे व्यायाम, योग्य बैठक व पायातील आधारपट्टी ह्यांनी ही विकृती पुष्कळ अंशी रोखता येते.

दुसरा विकार मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा. येथे स्नायूच क्रमाक्रमाने क्षीण होतात. त्याचा ड्युशेन हा प्रकार प्रायः मुलग्यांत आढळतो. कालपर्यंत चालणारे मूल वारंवार पडू लागते, पायऱ्या चढताना मागे राहते, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकीत उभे राहते. पोटऱ्या मात्र भरदार दिसतात. अशा मुलास आळशी समजून पळवणे वा उठाबशा काढावयास लावणे म्हणजे त्याच्या स्नायूंना अपाय करणे होय.

ह्या कार्याची परंपरा

आपल्या राज्यात ह्या कार्यास मातांनी चालना दिली. कन्येला पोलिओ झाल्यावर तिच्या उपचारांसाठी धडपडलेल्या श्रीमती फातिमा इस्माईल ह्यांनी १९४७ साली मुंबईत अशा मुलांसाठी उपचारकेंद्र काढले. १९५५ साली मुंबईतच अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली. १९७२ साली श्रीमती मिठू अलूर ह्यांनी मेंदूचा पक्षाघात असलेल्या मुलांसाठी शाळा उघडली. त्यांची कन्या मालिनी चिब हिला हाच विकार आहे. एका बोटाने टंकलेखन करून तिने पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले व ग्रंथही लिहिला. हातपाय वा जीभ साथ देत नाही, म्हणजे बुद्धीही नाही, हा समज किती चुकीचा आहे, हे ह्यावरून ध्यानी यावे.

आपल्या तालुक्याची विशेष अडचण

पाथर्डी तालुक्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. हे बालक एकतर कारखान्याच्या कोपीवर जाते किंवा आजीआजोबांपाशी राहते. आईला शिकवलेले व्यायाम बंद पडतात. आधारपट्टी घरी राहते, किंवा वाढत्या पायाला लहान होते. पावसाळ्यात कष्टाने मिळवलेले हंगामात निघून जाते. म्हणून व्यायाम आईकडून आजीकडे, आणि आजीच्या जोडीला शाळेकडे सोपवले गेले पाहिजेत.

वर्गात काय करावे

१. मुलास पाठीला आधार देऊन बसवावे. कंबर मागे टेकलेली, गुडघे काटकोनात, तळपाय जमिनीवर किंवा फळीवर सपाट आणि मेज कोपराच्या उंचीवर असावे. जमिनीवर बसवावयाचे असल्यास भिंतीच्या कोपऱ्यात बसवावे.

२. गुडघे पुढे व पावले दोन्ही बाजूंस मागे टाकून बसण्याची सवय लागू देऊ नये.

३. अर्ध्या-पाऊण तासाने बैठक बदलावी.

४. आधारपट्टी काढल्यावर कातडीवर लाल वण दिसतो का, ते पाहावे. अर्ध्या तासात तो मावळला नाही, तर पट्टी दुरुस्त करून घेण्यास पालकांस सांगावे.

५. पेन्सिलीभोवती सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून ती जाड करावी.

६. प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबावे. वाचा अडखळत असेल, तर चित्रावर वा अक्षरावर बोट ठेवून उत्तर देऊ द्यावे.

७. पोषण आहार देताना मूल ताठ बसलेले असावे. निजवून कधीही भरवू नये.

दक्षता

आखडलेला सांधा जोराने ओढू नये. भौतिकोपचार तज्ज्ञाने दाखविला असेल तेवढाच ताण द्यावा. मालीश करणाऱ्याकडून हाडे ‘बसवून’ घेण्यापासून पालकांस परावृत्त करावे. पंधरा वर्षांखालील कोणाही मुलाचा हात वा पाय अकस्मात लुळा पडला, तर त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा भारतातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला. तथापि ही दक्षता आजही आवश्यक आहे.

साहाय्य कोठे मिळेल

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा असे मूल त्या दिवशी हजर राहील अशी तजवीज करावी. गट साधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी संपर्क ठेवावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वरील दोन्ही विकारांचा समावेश असून, ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या बालकास जवळच्या शाळेत वा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. असे मूल शाळेत आले, तर त्यास बसवून घेणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे.

सर्वांस विनंती, की दिवाळीच्या सुटीपूर्वी अशा प्रत्येक बालकाचा एक कागद तयार करावा. कोणते व्यायाम, दिवसातून किती वेळा, आधारपट्टी किती वेळ आणि हंगामात जबाबदारी कोणाची, एवढेच त्यावर असावे. एक प्रत आजीपाशी, एक आईबरोबर आणि एक वर्गाच्या भिंतीवर राहावी. आजीस अक्षरओळख नसेल, तर चित्रे काढून द्यावीत. व्यायाम तिच्याकडून एकदा समक्ष करवून घ्यावा आणि मगच कुटुंबास निरोप द्यावा.