परिसर अभ्यास : मोहाची रोपं कुठं आहेत?



वर्गात चॉकलेटचं नाव काढलं की मागच्या बाकावरची मुलंही पुढं सरकतात. हा पाठ तिथूनच सुरू करू या आणि किनवटच्या जंगलात आणून सोडू या.

चॉकलेटचं झाड

चॉकलेट बनतं कोकोच्या बियांपासून. कोको मूळचा अ‍ॅमेझॉनच्या जंगलातला, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारा. आज जगातला निम्म्याहून जास्त कोको पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. पिकवणारे बहुतेक छोटे शेतकरी. जंगल तोडून केलेल्या नव्या जमिनीत पीक आधी जोरात येतं. पुढं कस उतरतो, झाडं म्हातारी होतात, भावही पुरेसा मिळत नाही. मग शेतकरी आणखी जंगल तोडतो. आयव्हरी कोस्टचं बरंचसं जंगल असंच गेलं. यावरचा एक उपाय म्हणजे सावलीची झाडं राखून त्यांच्याखाली कोको लावणं. आपल्याकडं केरळ-कर्नाटकात तो नारळ-सुपारीच्या बागांत घेतात.

आपला मोह

आता मुलांना विचारा, "आपल्याकडं जंगलातून पैसा देणारं झाड कोणतं?" तेंदू, चारोळी, मोह अशी उत्तरं येतील. त्यातला मोह घेऊ.

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुलं गळतात. त्या दिवसांत काही मुलं शाळेत उशिरा येतात, कारण घरच्यांसोबत ती फुलं वेचायला गेलेली असतात. रागावण्याआधी "आज किती टोपल्या झाल्या?" असं विचारून पाहा. पाठ तिथंच सुरू होतो.

मोहाची एक गंमत आहे. खाली पडतो तो फुलाचा गोड, रसाळ पाकळ्यांचा भाग. फळ जिथं धरायचं तो भाग झाडावरच राहतो. म्हणजे फुलं वेचल्यानं झाडाचं नुकसान होत नाही. पुढं त्याच झाडाला फळं येतात आणि बियांचं तेल निघतं. झाड न तोडता वर्षात दोन उत्पन्नं!

मग अडचण कुठं?

मोठा मोह बहुतेक गावांच्या आसपास दिसतो. पण कमरेएवढा मोह शोधायला लावा. तो सापडणं अवघड. कारणं तीन :

१. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. त्यात रोपं जळतात आणि आग जंगलात पसरते.
२. उगवलेलं रोप गुरं-शेळ्या खातात.
३. बिया जवळजवळ सगळ्याच वेचल्या जातात.

आजोबांच्या काळातला मोह आपण खातोय, नातवासाठी मात्र लावत नाही. कोकोवाल्या शेतकऱ्याची चूक आपल्याला दुरून लगेच दिसते, आपली दिसत नाही.

पण दोष फक्त वेचणाऱ्याला देऊ नका. पहाटे अंधारात, पोटासाठी, घाईनं हे काम होतं. झाड आपलं आहे याची खात्री असेल तरच माणूस दहा वर्षांपुढचा विचार करतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजावरचा हक्क आणि सामूहिक वनहक्क मान्य केले आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये असा सामूहिक हक्क मिळाला. तिथं जंगलाचे निर्णय ग्रामसभा घेते. पालकांच्या बैठकीत हा विषय जरूर काढा.

उपक्रम

- एका मोहाभोवती पन्नास पावलांत मोठी, मध्यम आणि लहान मोहाची झाडं मोजा. तक्ता करा.
- पाला न पेटवता झाडून काढा, किंवा झाडाखाली जुनी साडी अंथरून फुलं गोळा करा. वेळ आणि फुलांची स्वच्छता यांची तुलना करा.
- मोहाचं बी फार दिवस टिकत नाही. पावसाच्या सुरुवातीला ताजं बी पिशवीत लावा, रोपाला काट्यांचं कुंपण करा.
- आजी-आजोबांना विचारा : तुमच्या लहानपणी इथं किती मोह होते?

बियाचं झाड फुलायला साधारण दहाएक वर्षं लागतात. आज दुसरीतल्या मुलीनं लावलेला मोह ती बारावीत जाईल तेव्हा फुलू लागेल. त्या रोपाला तिचं नाव द्या. मग त्याच्याखाली काडी ओढायला कुणाचा हात धजणार नाही.