तुरुंगातल्या आजाऱ्याचा अर्ज

अभ्यासासाठी शास्त्रभाग: यिर्मया ३७ ते ३९, मत्तय २५:३१–४६, प्रेषितांची कृत्ये १६:१९–४०



काही वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यातल्या एका पारधी वस्तीवर आमचा साक्षरता वर्ग चाले. वर्गाला येणाऱ्या एका मावशींचा मुलगा कच्चा कैदी म्हणून तुरुंगात होता. मुलाकतीहून परत आल्या की त्या म्हणत, “पोरगं लई खोकतंय ताई. अंगावर मास राहिलं नाही.” मी म्हणाले, “आपण अर्ज देऊ.” त्यांनी माझा हात घट्ट धरला. “कागद नगा देऊ. पोरगं आत हाय. आपण हितं बोलायचं आन् राग त्याच्यावर निघायचा.”

मी त्यांचे ऐकले. आम्ही प्रार्थना केली आणि पुढच्या मुलाकतीला दारावरच्या शिपायाला तोंडी सांगितले. त्याने मान हलवली. पाच आठवडे गेले. मग एका तारखेला मुलाला कोर्टात उभे राहवेना, तेव्हा न्यायाधीशांनी स्वतः चौकशी करून त्याला दवाखान्यात पाठवले. क्षयरोग निघाला. मुलगा वाचला, पुढे घरीही आला. पण ऊसतोडीला जाण्याइतका दम त्याच्यात आता राहिलेला नाही. त्या पाच आठवड्यांत आम्ही काही मागितले होते, हे दाखवायला माझ्याकडे एक चिठोरासुद्धा नव्हता. मावशींची भीती खरी होती. चूक माझी होती. त्या भीतीवर कायद्यात काय उपाय आहे, हे मला ठाऊक नव्हते.

म्हणून या अंकातला पाठ या विषयावर आहे. आजारी कैद्याला उपचार मिळणे ही कोणाची मेहेरबानी नाही, तो हक्क आहे; आणि हक्क मागितल्याबद्दल त्याला छळू नये, हाही हक्कच आहे. पण तोंडी मागणीला पुरावा राहत नाही. बाहेरच्या माणसाने लेखी मागावे लागते.

शास्त्र काय शिकवते

यिर्मयाला फितुरीच्या आरोपावरून मारहाण झाली आणि योनाथान चिटणिसाच्या घरातल्या तळघरात त्याला पुष्कळ दिवस कोंडले गेले. राजाने गुपचूप बोलावून घेतले, तेव्हा संदेश दिल्यावर संदेष्ट्याने स्वतःसाठीही एक मागणे मागितले: मला पुन्हा त्या घरात पाठवू नका, मी तिथे मरेन. हा कैद्याचा प्रकृतीबद्दलचा अर्जच आहे. राजाने तो ऐकला, त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात ठेवले आणि रोजची भाकर बांधून दिली.

पण यिर्मया बोलायचा थांबला नाही, म्हणून सरदारांनी त्याला चिखलाच्या विहिरीत सोडले. त्याच्यासाठी उभा राहिला तो राजवाड्यातला एक परका चाकर, एबद-मलेख. राजा वेशीत बसला असताना, चारचौघांत, तो बोलला. परवानगी मिळाल्यावर दोराबरोबर त्याने जुनी फडकीही नेली, कारण वर ओढताना अशक्त माणसाच्या काखेत दोर रुतला असता. अर्ज कसा करावा आणि माया कशी करावी, हे दोन्ही तिथे शिकायला मिळते. शिवाय हा मनुष्य निर्भय नव्हता. ज्यांची तुला धास्ती वाटते त्यांच्या हाती तू पडणार नाहीस, असे आश्वासन देवाने त्याला ३९व्या अध्यायात दिले आहे. म्हणजे तो घाबरत होता, तरी बोलला.

फिलिप्पैमध्ये पौल व सीला यांना चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी मुकाट्याने जायला सांगितले, तेव्हा पौलाने आपले नागरिकत्व पुढे केले आणि त्यांनी स्वतः येऊन आम्हांला बाहेर काढावे, असा आग्रह धरला. क्षमा करणारा मनुष्य हक्क सोडतोच, असे नाही.

कायदा काय सांगतो

इंग्रजांनी १८९४ साली केलेल्या तुरुंग कायद्यातही असे लिहिले आहे की, जो कैदी डॉक्टरला भेटू इच्छितो किंवा आजारी दिसतो, त्याचे नाव देखरेख करणाऱ्याने विनाविलंब जेलरला कळवावे आणि जेलरने ते वैद्यकीय कर्मचाऱ्याच्या नजरेस आणावे. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ने जगण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला. त्यात कैद्याला वगळलेले नाही.

सूडाच्या भीतीबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावा. दिल्लीच्या तिहार तुरुंगात फाशीची शिक्षा झालेल्या सुनील बत्रा या कैद्याने न्यायाधीशांना पत्र लिहिले. ते स्वतःसाठी नव्हते. दुसऱ्या एका कैद्याच्या नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी वॉर्डरने त्याचा अमानुष छळ केला, असे पत्रात होते. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले. २० डिसेंबर १९७९ रोजी न्या. कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला. तुरुंगात तक्रारपेट्या ठेवाव्यात, त्या सर्व कैद्यांना खुल्या असाव्यात, जिल्हा दंडाधिकारी व सत्र न्यायाधीशांनी तुरुंगाला भेटी देऊन गाऱ्हाणी ऐकावीत, असे त्यात सांगितले. आणि आपल्या मावशींच्या भीतीवरचे उत्तरही त्यातच आहे: एकांत कोठडी, सवलती काढून घेणे किंवा शिक्षा म्हणून दुसऱ्या तुरुंगात हलवणे, यांतले काहीही सत्र न्यायाधीशांच्या नजरेखालून गेल्याशिवाय करू नये, तातडीची वेळ असेल तर दोन दिवसांत त्यांना कळवावे.

बाहेरच्या देशांतही हा प्रश्न कैद्यांच्या अर्जांतूनच पुढे आला. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात तुरुंगात काम करताना कापसाची गासडी अंगावर पडून गॅम्बल नावाचा कैदी जखमी झाला. त्याने हाताने लिहून दावा केला. १९७६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कैद्याच्या गंभीर आजाराकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणे ही क्रूर शिक्षाच आहे. गॅम्बल स्वतः मात्र हरला, कारण त्याला अनेकदा तपासले गेल्याची नोंद होती. त्याच्या अर्जाने इतरांना वाट मिळाली. नोंदीचे वजन किती असते, तेही यातून कळते.

आपल्या राज्यातल्या तीन घटना

पहिली तळोजा कारागृहाची. झारखंडमधल्या आदिवासींमध्ये आयुष्य घालवलेले जेझुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी यांना ८ ऑक्टोबर २०२० रोजी अटक झाली. वय ८३, कंपवाताने हात थरथरत. आरोप त्यांनी नाकारले होते. पेला धरवत नाही म्हणून नळी आणि झाकणाचा पेला मिळावा, एवढ्यासाठी त्यांना ६ नोव्हेंबरला न्यायालयात अर्ज करावा लागला, आणि तपास यंत्रणेने उत्तराला २० दिवस मागितले. २१ मे २०२१ रोजी त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले की, आत आलो तेव्हा मी स्वतः चालत व जेवत होतो, आता ते जमत नाही. २८ मे रोजी न्यायालयाने त्यांना खासगी रुग्णालयात हलवण्यास सांगितले. ५ जुलैला, जामिनाची सुनावणी बाकी असतानाच, ते वारले. हेच फादर पूर्वी झारखंडमधल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी उच्च न्यायालयात गेले होते, हे विसरू नये.

दुसरी भायखळ्याच्या स्त्रियांच्या तुरुंगाची. जून २०१७ मध्ये मंजुळा शेट्ये या कैदी स्त्रीचा मृत्यू झाला. कर्मचाऱ्यांनी मारहाण केल्याचा आरोप होऊन सहा जणांना अटक झाली. पण आवाज उठवणाऱ्या दोनशेहून अधिक कैदी स्त्रियांवरही दंगलीचा गुन्हा नोंदवला गेला. “राग त्याच्यावर निघायचा” हे मावशींचे शब्द मला अशा वेळी आठवतात.

तिसरी नागपूरची. गडचिरोलीचा आदिवासी तरुण पांडू नरोटे नागपूर कारागृहात जन्मठेप भोगत होता. तो आजारी पडला आणि २५ ऑगस्ट २०२२ रोजी रुग्णालयात वारला. वेळेवर उपचार मिळाले नाहीत, असे त्याच्या वकिलांचे म्हणणे होते. ५ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्या खटल्यातल्या सर्वांना निर्दोष ठरवले. पांडूही निर्दोष ठरला, पण ते ऐकायला तो नव्हता. जामीन आणि निकाल उशिरा आले तरी येतात; उपचार उशिरा आला तर उपयोगाचा नाही.

आपण काय करावे

१. अर्ज लेखी करा. कैद्याचे नाव, खटला क्रमांक, काय त्रास, केव्हापासून, आधीची औषधे, मागणी, तारीख. एवढे पुरे. साधी भाषा चालते.

२. एक प्रत कारागृह अधीक्षकांना, एक खटला चालू असलेल्या न्यायालयाला, एक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला द्या. आपल्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घ्या. शिक्का मिळत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपा.

३. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या व्यक्तीला वकील मोफत मिळतो. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि स्त्रियांनाही मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.

४. अर्जानंतर मुलाकत बंद झाली, बराक बदलली, मारहाण झाली, तर तारखेनिशी तेही लिहा आणि वकिलामार्फत न्यायाधीशांपुढे ठेवा.

५. घरच्यांना विचारल्याशिवाय अर्ज देऊ नका. धोका त्यांचा आहे. त्यांना कायदा समजावून सांगा आणि निर्णय त्यांचा त्यांना घेऊ द्या.

तुरुंगातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला शत्रू समजू नका. बराकी भरून वाहतात आणि डॉक्टर थोडे असतात. चांगल्या अधिकाऱ्यालाही वर कळवायला आपला कागद उपयोगी पडतो. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्या फिर्यादीलाही विसरू नका. कैद्यावर उपचार झाल्याने फिर्यादीचा न्याय कमी होत नाही.

सोलापुरात “सेटलमेंट” हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. १८७१च्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि तारेच्या कुंपणात ठेवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का पुसला गेला. देशात अशा काही वसाहती मिशन संस्थांनीही चालवल्या. किल्ल्या एकेकाळी आपल्याही हातात होत्या, म्हणून हा पाठ आपण नम्रपणे शिकावा.

मावशी आता वस्तीतल्या इतर बायांना सांगतात, “शिक्का मारून घ्या.” मत्तयाच्या २५व्या अध्यायात प्रभू आजाऱ्याचा आणि बंदीवानाचा उल्लेख एकाच दमात करतो. तुरुंगातल्या आजाऱ्यात ते दोघे एकच झालेले असतात.

चर्चेसाठी प्रश्न

१. एबद-मलेख राजाशी एकांतात न बोलता वेशीत का बोलला असेल?
२. आपल्या मंडळीतले किंवा वस्तीतले कोणी तुरुंगात आहे का? त्यांच्या घरी शेवटचे कोण गेले होते?
३. घरचे “अर्ज नको” म्हणाले, तर आपण काय कराल?

प्रार्थनेचे विषय: आजारी बंदीवान, त्यांची मुलेबाळे, तुरुंगातले डॉक्टर व कर्मचारी, आणि भीत भीत का होईना, अर्ज लिहिणारे हात.