नाकाचं हाड खरंच वाढतं का?

प्रश्न : मी २३ वर्षांचा आहे. पोलीस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे गावाबाहेर धावतो. शाळेत कबड्डी खेळताना नाकावर कोपर बसलं होतं. तेव्हापासून उजवी नाकपुडी बंद असते आणि धावताना तोंड उघडावं लागतं. डॉक्टर म्हणाले, नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करा. घरचे म्हणतात, ते पुन्हा वाढतं आणि नाकाचा आकारही बिघडतो. काय करू?
— एक वाचक, इंझोरी (ता. मानोरा, जि. वाशिम)

उत्तर : ‘हाड वाढलंय’ हे बोलणं आपल्याकडे इतकं रुळलंय की डॉक्टरही तसंच सांगतात. घरच्यांची भीती त्या शब्दातूनच आली आहे, कारण वाढलेलं कापलं तर ते पुन्हा वाढणारच, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात तुमच्या नाकात काही वाढलेलं नसावं. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा पुढच्या बाजूला लवचीक कूर्चेचा आणि मागे पातळ हाडाचा असतो. तो बहुतेकांचा थोडाफार कललेला असतोच. तुमचा त्या कोपरामुळे जास्त कलला असावा.

एक साधी गोष्ट करून पाहा. थंड स्टीलची ताटली नाकाखाली धरा आणि तोंड मिटून श्वास सोडा. दोन्ही बाजूंना वाफ किती धरते ते बघा. हे दिवसातून तीन-चार वेळा करा, कारण निरोगी नाकातही काही तासांनी एक बाजू भरते आणि दुसरी मोकळी होते. योगातली चंद्रनाडी-सूर्यनाडी तुम्ही ऐकली असेल. युरोपात रिचर्ड कायझर यांनी ही अदलाबदल १८९५ मध्ये नोंदवली. उजवीकडे दर वेळी वाफ कमीच धरत असेल, तर अडथळा कायमचा आहे असं समजा.

आता धावण्याबद्दल. १६०० मीटर जोरात धावताना सरळ नाकाचा माणूसही तोंड उघडतो, कारण तेवढी हवा नाकातून मिळतच नाही. निव्वळ भरतीची वेळ सुधारावी म्हणून ऑपरेशन करू नका, तशी खात्री कुणी देऊ शकणार नाही. रात्री तोंड उघडं टाकून झोपता का, सकाळी घसा कोरडा पडतो का, सायनस वारंवार भरतो का, निर्णय यावर घ्या.

त्याआधी सूज उतरवून पाहा. पडद्यासमोरची मांसल घडी धुळीने फुगते, आणि सोयाबीनच्या मळणीत थ्रेशरपाशी उभं राहणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको. मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवा, पण पाणी उकळून निववलेलं घ्या. डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइड स्प्रे काही आठवडे नेमाने मारा. पडदा त्याने सरळ होणार नाही, पण पुष्कळांची तक्रार तेवढ्यावर भागते. औषधाच्या दुकानात मिळणारे, मिनिटात नाक उघडणारे थेंब मात्र चार-पाच दिवसांपलीकडे नकोत. त्यांची सवय लागली की नाक पहिल्यापेक्षा जास्त बंद होतं.

एवढं करूनही श्वास अडत असेल, तर ऑपरेशन योग्यच आहे. पूर्वी पडद्याचा मोठा भाग काढून टाकत. आता वाकलेला भाग सोडवून सरळ बसवतात आणि जमेल तेवढी कूर्चा राखतात. काप नाकाच्या आतून देतात, त्यामुळे चेहऱ्यावर व्रण राहत नाही आणि आकारही सहसा बदलत नाही. चेहऱ्यावर खूण ठेवणारं नाकाचं ऑपरेशन वेगळं. टिपूच्या सैनिकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाला पुण्याजवळ कपाळाची कातडी वळवून नवं नाक बसवलं होतं. त्याची हकिकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. तुमच्या बाबतीत तसं काहीच नाही.

काही महिन्यांनी नाक पुन्हा बंद झालं तर ‘हाड परत वाढलं’ म्हणतात. बहुतेकदा ती ॲलर्जीची सूज असते, म्हणून स्प्रे नंतरही लागू शकतो. क्वचित कूर्चा पुन्हा थोडी वाकतेही.

अकोला किंवा यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात कान-नाक-घसा विभागाला दाखवा. खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतो का, हे तिथल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे धावणं, ओझं उचलणं आणि नाक जोरात शिंकरणं बंद ठेवावं लागेल. मैदानी चाचणीची तारीख जवळ आली असेल, तर ऑपरेशन चाचणीनंतरच करा, आणि मळणीचे दिवसही टाळा.