यंत्राजवळ जाण्याआधी केस बांधा



सोयाबीन काढणीला आलं की साखरा आणि सेनगाव तालुक्यातल्या इतर गावांत आपल्या वस्तीतल्या बाया पहाटेच भाकर बांधून निघतात. सोंगणी होते, सुडी लागते आणि मग मळणीयंत्र येतं. कुणी त्याला थ्रेशर म्हणतं, कुणी हडंबा. पुढे हळद निघते. ती शिजवायची, वाळवायची आणि मोटारीवर फिरणाऱ्या ड्रममध्ये पॉलिश करायची. या दोन्ही हंगामांत आपली बाई फिरत्या यंत्रापासून हातभर अंतरावर उभी असते. दिवाळीच्या सुट्टीत शाळा-कॉलेजातल्या पोरीही आईसोबत मजुरीला जातात. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही केसांविषयी बोलणार आहोत. केस गळतात का, पांढरे होतात का, हा आजचा विषय नाही. तोंडावर येणारे मोकळे केस यंत्रात कसे जातात आणि ते कसे टाळायचे, एवढंच आज शिकायचं आहे.

आम्ही वॉर्डात ड्युटी करत होतो तेव्हा अशी एक पोर आमच्यासमोर आली होती. यंत्राने केसांसकट डोक्याची कातडी ओढून काढली होती. सोबतच्या बाया रडत एकच सांगत होत्या, "तिने नुसती तोंडावरची बट मागे सारली हो." ती पोर वाचली. पण पुढे किती महिने तिने आरशात पाहिलं नाही, हे आम्हाला माहीत आहे.

हे घडतं कसं?

पेंढी उचलताना दोन्ही हात गुंतलेले असतात. घामाने बटा सुटतात, तोंडावर येतात, डोळ्यांत जातात. बाई मान झटकते, नाहीतर वाकून खांद्याला तोंड पुसते. त्याच क्षणी वेणी पुढे लोंबते. ती पट्ट्यावर, नाहीतर ट्रॅक्टरपासून यंत्राकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर पडते.

हा दांडा साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. दांडा पाच सेंटीमीटर जाड असेल तर तो एका सेकंदात जवळजवळ एक मीटर चाळीस सेंटीमीटर लांबी स्वतःभोवती गुंडाळतो. कमरेपर्यंतचे केस संपायला एक सेकंदही लागत नाही. "अगं बंद कर" हे शब्द तोंडातून निघेपर्यंत सगळं झालेलं असतं. म्हणून केस अडकल्यावर सोडवू, हा विचारच चुकीचा आहे. केस अडकूच नयेत, हा एकच उपाय आहे.

केस कसे बांधायचे?

१. हाताला थोडं पाणी किंवा तेल लावून पुढच्या बटांसकट सगळे केस मागे घ्या. कपाळावर कापलेले आखूड केस दोन आकडे लावून दाबा.

२. मानेजवळ वेणी घाला. वेणीला वरच्या आणि खालच्या टोकाला रबर लावा.

३. वेणी लोंबती ठेवू नका. वाकल्यावर तीच सगळ्यांत आधी पुढे येते. तिचा बुचडा घालून पिना लावा.

४. वरून जुन्या सुती लुगड्याचा तिकोनी तुकडा बांधा. कपाळ, कान आणि बुचडा झाकला पाहिजे. गाठ मागे घ्या आणि टोकं आत खोचा. लोंबणारं टोक केसाइतकंच धोक्याचं आहे.

५. ओढणी काढून ठेवा. पदर घट्ट कमरेला खोचा. गळ्यातली लांब माळ आणि गळ्याभोवती गुंडाळायचा स्कार्फ नको.

६. आता खाली वाका आणि डोकं दोनदा झटका. काहीही पुढे आलं तर पुन्हा बांधा. स्वतःचं मागचं आपल्याला दिसत नाही, म्हणून एकीने दुसरीचं डोकं पाहावं.

केस फार ओढून बांधू नका. रोज तसं बांधलं तर कपाळाच्या कडेचे केस विरळ होतात आणि डोकंही दुखतं. घरी आल्यावर केस मोकळे करा. डोक्याचा फडका रोज धुवा आणि तो एकमेकींचा वापरू नका, नाहीतर उवा पसरतात.

हीच काळजी पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याजवळ, रसवंतीवर आणि शिलाई मशीनवर घ्या. मोटारसायकलवर मागे बसताना ओढणी आणि वेणी दोन्ही आवरून बसा. चुलीवर वाकताना केस मागे बांधलेले हवेत.

अपघात झालाच तर

• आधी यंत्र आणि ट्रॅक्टर बंद करा. ते पूर्ण थांबेपर्यंत जखमीला ओढू नका. अडकलेले केस किंवा कपडा कात्रीने, विळ्याने कापा.

• मानेलाही इजा झालेली असू शकते. डोकं आणि मान एका रेषेत ठेवा, उगाच उठवून बसवू नका.

• डोक्याच्या जखमेतून रक्त फार वाहतं. स्वच्छ सुती कापडाची जाड घडी ठेवून तळहाताने दाबून धरा. घडी भिजली तर ती न काढता वर दुसरी ठेवा. हाड खचल्यासारखं लागत असेल तर मात्र जोरात दाबू नका, कापड हलकं गुंडाळा.

• हळद, चुना, तंबाखू, राख, कॉफी यातलं काहीही जखमेत भरू नका. ते काढताना डॉक्टरांचा वेळ जातो आणि जखम पिकते.

• कातडी सुटून पडली असेल तर ती केसांसकट उचला. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घाला आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधा. ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. कातडी थेट बर्फावर किंवा पाण्यात ठेवू नका. काही वेळा ती पुन्हा जोडता येते, म्हणून ती पेशंटसोबतच गेली पाहिजे.

• १०८ ला फोन करा. डोक्याची कातडी निघाली आहे, असं स्पष्ट सांगा. रक्त थांबवून हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात आणि गरज पडली तर नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात न्यावं लागेल. ऑपरेशन होण्याची शक्यता असते, म्हणून खायला-प्यायला काही देऊ नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण करून द्या.

• अपघात यंत्रावर काम करताना झाला, हे दवाखान्याच्या कागदावर लिहून घ्या आणि पोलिसांतही नोंद करा. "पडली म्हणून सांगा" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

चूक फक्त बाईची नसते

अपघात झाला की सगळे म्हणतात, "केस मोकळे सोडून कशाला गेली?" केस मोकळे सोडणं हा गुन्हा नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या आज्या-पणज्यांना नेसण्याची पद्धत बदला, अस्पृश्यतेची खूण म्हणून अंगावर लादलेले दागिने टाका, असं सांगितलं. त्या बायांनी ते लगेच मनावर घेतलं. आपण कसं राहायचं हे आपण ठरवायचं, हा धडा तिथला आहे. आज आपल्या पोरींनी घरी, लग्नात, कॉलेजात केस मोकळे सोडले तर ती त्यांची खुशी. पण यंत्राजवळ केस बांधायचे, हेही त्यांनी स्वतःच्या जिवासाठी स्वतः ठरवावं.

आणि मालकानेही आपलं काम करावं. फिरत्या दांड्यावर आणि पट्ट्यावर झाकण हवं. ट्रॅक्टरजवळ सतत एक माणूस हवा, म्हणजे यंत्र लगेच बंद करता येईल. यंत्र चालू असताना अडकलेला भुसा बाईला काढायला लावू नये. रात्री मळणी करायची तर पुरता उजेड हवा. हे मागणं म्हणजे भांडण नाही. एकटीने म्हटलं तर मजुरी जाईल अशी भीती वाटते, म्हणून टोळीने मिळून म्हणायचं आणि कामाचा दर ठरतानाच म्हणायचं.

भरपाईचंही समजून घ्या. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना सातबारा असलेल्या शेतकरी कुटुंबासाठी आहे. आपल्यातली बरीच घरं भूमिहीन आहेत, त्यांना ती मिळत नाही. पण कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात ट्रॅक्टरवर किंवा यंत्रावर चालणाऱ्या शेतीकामाचा मजूरही येतो. उशीर न करता तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा, तिथे बायांना वकिलाची मदत मोफत मिळते. शिवाय बँकेत वर्षाला २० रुपये कापून प्रधानमंत्री सुरक्षा विमा घेता येतो. वय १८ ते ७० हवं. अपघाती मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख मिळतात. नुसती डोक्याची कातडी गेली तर मात्र त्यात काही मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

या महिन्याचं काम

येत्या रविवारी विहारात वंदना झाली की दहा मिनिटं थांबा. जुन्या सुती लुगड्याचे तिकोनी तुकडे फाडून प्रत्येक मजूर बाईला आणि पोरीला एकेक द्या. एकीला समोर बसवून वर सांगितलेल्या सहा गोष्टी सगळ्यांना करून दाखवा. फोनमध्ये १०८ नंबर लिहून ठेवा. टोळीत रोज एक बाई नेमा. यंत्र सुरू होण्याआधी तिने सगळ्यांची डोकी पाहायची, आणि सगळ्या बांधल्या असतील तरच ट्रॅक्टरवाल्याला हात करायचा.

तथागतांनी अप्पमाद शिकवला, म्हणजे सावध राहणं. तो फक्त ध्यानाला बसल्यावरचा नाही. सुडीजवळ, पट्ट्याच्या आवाजात, घाम डोळ्यांत जात असतानाही तो पाळायचा असतो.

नमो बुद्धाय. जयभीम.