वेगळी भांडी, एकच पंगत

(युवक व पालकांसाठी अभ्यासपाठ)

वाचनासाठी: दानिएल १:३-१७, १ करिंथ ८:१-१३, रोमकर १४:१-२१, गलती २:११-१४



काही दिवसांपूर्वी युवकांच्या बैठकीत एका मुलीने एक प्रश्न विचारला. तिच्या परवानगीने, नाव न देता, तो येथे मांडत आहोत.

ती नाशिकमध्ये खोली घेऊन शिकते. सोबतीला निफाड तालुक्यातील एक मुलगी आहे. दोघींचा गॅस एक, कुकर एक, तवा एक. सोबतीण माळकरी घरातली. तिच्या स्वतःच्या गळ्यातही तुळशीची माळ. एका रात्री आपल्या मुलीने सोबतिणीच्या पातेल्यात अंडी उकडली. दोन वेळा साबण लावून पातेले घासले आणि जागेवर ठेवून दिले. पुढे असे अनेकदा झाले. त्याच पातेल्यात ती सोबतीण एकादशीचा साबुदाणा भिजवीत होती. एके दिवशी ती लवकर घरी आली आणि तिने ते पाहिले. भांडण झाले नाही. तिने आपली भांडी उचलली, कॉटखालच्या पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि कुलूप लावले.

"फादर, ती भांडली असती तर बरं वाटलं असतं," मुलगी म्हणाली. "पण पातेलं मी स्वच्छ घासलं होतं. मग यात माझं पाप कसलं?"

आपली कितीतरी मुले-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी घराबाहेर राहतात. कोणाचा रूम पार्टनर जैन असतो, कोणाचा मुस्लिम, कोणाचा माळकरी. म्हणून हा प्रश्न एकट्या तिचा नाही. त्यावर देवशब्दाच्या प्रकाशात विचार करू या.

१. पातेले स्वच्छ होते, मग चुकले कोठे?

प्रथम तिच्या बाजूने जे खरे आहे ते मान्य करू. स्टीलचे पातेले साबणाने घासले की स्वच्छ होते. प्रभू येशूनेही शिकवले की बाहेरून पोटात जाणारे अन्न माणसाला विटाळवीत नाही, अंतःकरणातून निघणारी दुष्टता विटाळवते (मार्क ७:१४-२३). आपल्याला अंडे अशुद्ध नाही, मासळी अशुद्ध नाही.

परंतु ही मोकळीक प्रभूने आपल्याला दिली आहे. ती वापरून दुसऱ्याचे व्रत मोडण्याचा अधिकार दिलेला नाही. पातेले त्या मुलीचे होते आणि माळ घालताना दिलेला शब्दही तिचा होता. आपण तो शब्द पाळीत आहोत अशा समजुतीने ती जेवत होती आणि तिच्या नकळत तो दुसऱ्या कोणी मोडला होता. साबणाने भांडे निघते. विश्वासावर पडलेला डाग साबणाने निघत नाही. तिने कुलूप लावले ते अंड्यामुळे कमी आणि लपवण्यामुळे अधिक.

२. दानिएलही वेगळे जेवत होता

वेगळे जेवणारा माणूस म्हटला की आपल्याला सहसा दुसऱ्या धर्माचा माणूस आठवतो. पण पवित्र शास्त्र उघडले तर तेथे दानिएल भेटतो. दानिएल, हनन्या, मिशाएल आणि अजऱ्या हे चार तरुण घरापासून दूर, बाबेलमध्ये शिकायला ठेवलेले. राजाच्या मुदपाकखान्यातील मांस व द्राक्षारस त्यांना नको होता. त्यांनी आरडाओरड केली नाही, कोणाला नावे ठेवली नाहीत. त्यांनी देखरेख करणाऱ्या कारभाऱ्याला नम्रपणे विनंती केली: दहा दिवस आम्हाला शाकाहार आणि पाणी द्या, मग पाहा.

त्या कारभाऱ्याकडेही लक्ष द्या. तो त्यांच्या धर्माचा नव्हता. त्यांचे नियम त्याला पटलेच असतील असे नाही. तरीही त्याने ऐकून घेतले आणि दहा दिवस तशी व्यवस्था केली. आज आपली मुले ज्या खोलीत राहतात तेथे आपण बहुधा दानिएलच्या जागी नसतो, त्या कारभाऱ्याच्या जागी असतो.

आणि आपल्यालाही नियम आहेतच. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला १४ वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येक कॅथलिक भाविकाने मांस वर्ज्य करायचे असते. १८ पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत उपवासही धरायचा असतो. गुड फ्रायडेच्या दिवशी कोणी आपल्या वरणात न सांगता मटणाचा रस्सा मिसळला, तर 'चव तर छान लागली ना?' हे उत्तर आपल्याला चालेल का?

३. करिंथचा प्रश्न आणि संत पौलाचे उत्तर

करिंथ शहरातील बाजारात मिळणारे मांस पुष्कळदा मूर्तींना वाहिलेले असे. काही ख्रिस्ती म्हणत, मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग ते मांस खायला काय हरकत? काहींचे मन मात्र ते घेत नसे. संत पौल पहिल्यांचे म्हणणे तत्त्वतः मान्य करतो. पण निर्णय देताना तो दुसऱ्यांच्या बाजूने उभा राहतो. माझ्या खाण्यामुळे माझ्या भावाला अडखळण होणार असेल, तर मी मांस कधीच खाणार नाही, इतक्या टोकाला तो जातो (१ करिंथ ८).

रोमकरांस लिहिताना तो दोन्ही बाजूंना आवरतो. सर्व काही खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये (रोमकर १४:३). पौल हे ख्रिस्ती बांधवांविषयी लिहीत होता हे खरे. पण जे प्रेम बांधवांसाठी, ते शेजाऱ्यासाठी नको असे प्रभूने कोठेही म्हटलेले नाही.

येथून स्वयंपाकघरासाठी एक साधा नियम मिळतो: ज्याला मोकळीक अधिक, त्याने झळ अधिक सोसावी. मी तिच्या भांड्यात शिजवलेले सर्व काही खाऊ शकतो. ती माझ्या भांड्यातले खाऊ शकत नाही. म्हणून वेगळे भांडे आणायचे असेल तर ते मी आणावे.

४. 'वेगळा कप' आपल्याला टोचतो

येथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक कळ उठेल आणि ती दाबून टाकणे बरोबर नाही. वेगळे भांडे म्हटले की आपल्या आजी-आजोबांना ताटवाटी आठवत नसे. त्यांना गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला कान तुटलेला कप आठवे, वरून ओंजळीत ओतलेले पाणी आठवे. याच नाशिकमध्ये पंचवटीतील काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू करावा लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांनी जे मागितले ते माणूस म्हणून प्रवेश, एवढेच होते. १९५० मध्ये लागू झालेल्या राज्यघटनेच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता रद्द केली. तरी खोली पाहायला गेल्यावर आडनाव विचारले जाते आणि मग 'आमच्याकडे चालत नाही' असे ऐकावे लागते, हा अनुभव काहींना अजून येतो.

मग व्रताचे वेगळेपण आणि तिरस्काराचे वेगळेपण ओळखायचे कसे? कसोटी सोपी आहे. नियम अन्नाला लागू आहे की माणसाला? सोबतीण म्हणाली, 'या कढईत चिकन करू नकोस', तर तो अन्नाचा नियम झाला. तो आदराने पाळावा. पण नुसता चहा प्यायला तरी तुझा कप वेगळा, तू माठाला हात लावायचा नाहीस, असे असेल तर तो माणसाला लावलेला विटाळ आहे. तो मुकाट्याने सोसणे म्हणजे नम्रता नव्हे. शांतपणे, पण स्पष्ट बोलावे. अंत्योखियात संत पेत्र परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत असे आणि यरुशलेमकडची काही मंडळी आल्यावर त्या पंगतीतून मागे सरला, तेव्हा संत पौलाने त्याला तोंडावर सांगितले (गलती २:११-१४). भांडे वेगळे चालेल. माणूस वेगळा काढलेला चालणार नाही.

५. एका घरात दोन चुली

याचे एक जवळचे उदाहरण आपल्याच नाशिकच्या मातीत आहे. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांचे माहेर अतिशय कडक सोवळ्याचे होते. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते कॅथलिक नव्हते, अमेरिकन मराठी मिशनमधील होते. पण त्यांच्या घरातील ही गोष्ट आपल्यालाही शिकवणारी आहे.

काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, तरी धर्म बदलला नव्हता. त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा आणि पाणी वेगळे ठेवले. एकाच संसारात पती ख्रिस्ती आणि पत्नी सोवळ्यातली. टिळक तापट म्हणून प्रसिद्ध होते, पण त्यांनी पत्नीवर धर्माची सक्ती केली नाही. पुढे अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील राहुरीला असताना लक्ष्मीबाईंनी स्वतःच विचार केला: हा जातिभेद देवाने केला की माणसाने? उत्तर सापडल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय केला. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सारे त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये मोकळेपणाने लिहून ठेवले आहे.

चोरून विटाळलेल्या भांड्याने त्यांचे मन बदलले असते का? उलट पेटीला कुलूपच लागले असते. सोबतिणीने आपल्यासारखे व्हावे म्हणून तिचे भांडे सांभाळायचे नाही. ती देवाची लेक आहे म्हणून सांभाळायचे.

६. खोलीतील स्वयंपाकघरासाठी काही सूचना

राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात एकत्र बसून हे ठरवून घ्यावे. नंतर रागात ठरवलेले टिकत नाही.

• आधी विचारा. सर्व शाकाहार सारखा नसतो. जैन सोबती कांदा, लसूण, बटाटाही खात नसेल आणि सूर्यास्तापूर्वी जेवत असेल. मुस्लिम सोबत्याला डुकराचे मांस वर्ज्य आणि इतर मांस हलाल हवे असते. कोणी फक्त श्रावणात पाळतो. अंदाज बांधू नका.

• सामाईक भांडी शाकाहारी ठेवा. मांसाहारासाठी एक कढई, एक सुरी, एक चॉपिंग बोर्ड, एक झाकणाचा डबा आणि वेगळी घासणी एवढा छोटा संच स्वतः घ्या. खर्च फार नाही.

• कोणती भांडी मुळीच बदलायची नाहीत ते ओळखा. लाकडी पोळपाट, लाटणे, लाकडी चमचे आणि लोखंडी तवा तेल व वास धरतात. कुकरची रिंग आणि मिक्सरच्या भांड्याच्या झाकणातील रबर यांचाही वास जात नाही. स्टील आणि काच निघते. जुन्या करारातही मातीचे भांडे फोडायला आणि पितळेचे घासून धुवायला सांगितले आहे (लेवीय ६:२८). आपल्या आज्यांनाही हा फरक ठाऊक होता.

• कच्चे मांस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेवा, म्हणजे त्याचे पाणी दुसऱ्याच्या भाजीवर ठिबकणार नाही. कच्चे चिकन नळाच्या धारेखाली धुऊ नका; शिंतोडे शेजारच्या भांड्यांवर उडतात. हा धर्माचा नव्हे, सर्वांच्या आरोग्याचा प्रश्न आहे.

• वेळ सांभाळा. सोबतीण एकादशी धरून बसली असताना सुकट भाजायलाच हवी असे नाही. त्या दिवशी खिडकी उघडी ठेवण्यापेक्षा डबा उघडलाच नाही तर बरे.

• चूक झाली तर त्याच दिवशी सांगा. 'कळणार कोठे?' हा विचार मनात आला की समजावे, आपण चुकीच्या वाटेवर आहोत.

• पंगत एक ठेवा. शिजवणे वेगळे असले तरी आठवड्यातून एकदा तरी दोघांना चालेल असे काही करून एकत्र जेवा.

७. त्या मुलीचे पुढे काय झाले?

बैठकीत तिला कोणी दोष दिला नाही, पण 'तुझे बरोबर आहे' असेही कोणी म्हणाले नाही. ती मेन रोडवर गेली, नवे पातेले घेतले आणि सोबतिणीपुढे ठेवून म्हणाली, "किती वेळा केलं ते मला आठवत नाही. पण केलं, आणि लपवलं." सोबतिणीने पातेले घेतले, पण काही बोलली नाही. पेटीचे कुलूप आणखी बरेच दिवस तसेच होते. मागितल्याबरोबर क्षमा मिळतेच असे नाही; वाट पाहणे हेही प्रायश्चित्तच आहे. मग एका एकादशीला सोबतिणीने साबुदाण्याच्या खिचडीची वाटी तिच्यापुढे ठेवली. वाटी सोबतिणीच्या पेटीतली होती.

चर्चेसाठी प्रश्न

१. माझ्या कोणत्या सवयीमुळे घरात किंवा खोलीत दुसऱ्याला मनाविरुद्ध गप्प बसावे लागते?
२. 'वेगळे भांडे' मला कधी आदराचे वाटले आणि कधी अपमानाचे? फरक कशात होता?
३. पालक या नात्याने, मुलाला बाहेर पाठवताना आपण भांड्यांबरोबर ही शिकवणही देतो का?

या आठवड्याचा निर्धार: माझ्याहून वेगळे जेवणाऱ्या एका व्यक्तीला विचारीन, 'तुला काय चालत नाही?' आणि उत्तर मध्येच न तोडता ऐकेन.

प्रार्थना: हे प्रभू येशू, तू जकातदारांच्या आणि परुश्यांच्याही घरी जेवलास. आमच्या चुली वेगळ्या असल्या तरी आमची मने वेगळी होऊ देऊ नकोस. जे आम्हाला मोकळे आहे ते प्रेमासाठी सोडण्याचे बळ दे आणि जेथे माणसाचा अपमान होतो तेथे बोलण्याचे धैर्य दे. आमेन.