केसपेपर फुकट, वाट महाग

पोलादपूरच्या वरच्या खोऱ्यात आमची वाडी आहे. तिथल्या महिला बचत गटाची मी सचिव. कर्जाच्या नोंदी माझ्याकडे असतात आणि प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहावं लागतं. बियाणं, शाळेची फी, घराची कौलं, लग्न ही कारणं हंगाम बघून येतात. आजारपण बारा महिने येतं. त्यामुळे कर्ज हातात देताना चार गोष्टी सांगायची सवय लागली, आणि हळूहळू लोक पेशंटबरोबर मलाही गाडीत बसवू लागले. महाडचं ग्रामीण रुग्णालय, माणगावचं उपजिल्हा रुग्णालय, अलिबागचं सिव्हिल, पनवेल, परळ, कशेडीपलीकडचं डेरवण, इथल्या बाकड्यांवर बसून जे कळलं ते लिहिते.

१. ऑपरेशनचे पैसे लागत नाहीत असं नाही, पण आमची घरं बहुतेक वेळा ऑपरेशनच्या आधीच रिकामी होतात.

क्रम ठरलेला आहे. पोटात दुखायला लागलं की दोन दिवस ओवा आणि हिंग. मग पोलादपूरला जाऊन एक इंजेक्शन. दुखणं थांबलं नाही की महाडला खासगीत सोनोग्राफी, रक्त, लघवी, चार दिवसांच्या गोळ्या. मग कुणीतरी दुसरा डॉक्टर सुचवतं, तिथे तीच सोनोग्राफी पुन्हा. शेवटी रात्री दुखणं असह्य झालं की गाडी करून पनवेल. तिथे सरकारी आरोग्य योजनेत ऑपरेशन होतं, पैसे लागत नाहीत. पण तोवर घरातली रोकड, शेजारच्या काकींचे उसने आणि गटाचं कर्ज, तिन्ही संपलेलं असतं.

देशाच्या आरोग्य लेख्यांत असं दिसतं की एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. हा उतार खरा आहे, आमच्या वहीतही तो दिसतो. मोठ्या ऑपरेशनसाठी गटाकडे येणारी माणसं कमी झाली. जे अजून येतात ते गाडीभाडं, तपासण्या, बाहेरून आणलेली औषधं आणि बुडालेली मजुरी यासाठी येतात. म्हणून माझा पहिला आग्रह असा की पहिला फेरा सरकारी दवाखान्यातच व्हावा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. तिथे इलाज झाला तर उत्तमच. नाही झाला तरी पुढे पाठवल्याची चिठ्ठी मिळते, आणि ती चिठ्ठी हातात असली की पुढच्या दवाखान्यात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

२. गाडी ठरवण्याआधी रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचा. बाळंतीण आणि तान्ह्या बाळासाठी १०२.

हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. खोऱ्यात रेंज कुठे मिळते ते घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असावं, आणि फोनवर वाडीचं नाव सांगण्यापेक्षा हमरस्त्यावरच्या फाट्याचं नाव आधी सांगावं. जिथे गाडीचा रस्ता नाही तिथे आजही माणसं झोळी करून फाट्यापर्यंत उतरतात, पावसात दरड आली की तेवढंही अवघड होतं. मुंबईपर्यंतच्या खासगी गाडीचं भाडं एका माणसाच्या महिन्याभराच्या मजुरीला भिडतं. गंभीर नसलेल्या फेऱ्यांना एसटीच बरी: १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून तिकीटच नाही.

३. कागद धडधाकट असताना नीट करायचे.

रायगड जिल्हा या बाबतीत सुरुवातीपासून पुढे होता. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपण होतो. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. आधी दीड लाखाची मर्यादा होती, आता कुटुंबामागे वर्षाला पाच लाख आहे, आणि रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असलं तरी चालतं. इतकं असून माणूस खिडकीवरून परत येतो ते नावापायी. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर राहिलेलं असतं. आधारवर बाईचं माहेरचं नाव आणि रेशनकार्डावर सासरचं. आजोबांचं गावच्या कार्डावर एक नाव, आधारवर दुसरंच. आमच्या भागातली अर्धी घरं मुंबईला, त्यामुळे काहींचं कार्ड लालबागला किंवा नालासोपाऱ्याला आणि माणूस इथे. हे सगळं तहसील कचेरीत दुरुस्त होतं, पण त्याला दिवस लागतात आणि पेशंटकडे दिवस नसतात. आमच्या गटात आता दर उन्हाळ्यात एक सभा फक्त कागदांची असते. प्रत्येकीनं घरातल्या सगळ्यांची आधार आणि रेशनकार्डं आणायची, नावं जुळवून बघायची.

२२ जुलै २०२१ ला सावित्री नदीचं पाणी महाड शहरात शिरलं, त्याच दिवशी तळिये गावावर डोंगर आला. त्या दिवसांत माणसं गेली, घरं गेली, त्या दुःखापुढे कागदाचं काय. पण जी वाचली त्यांना पुढच्या महिन्यांत उपचार लागले, आणि लोखंडी कपाटातली आधार, रेशनकार्डं, जुने केसपेपर, एक्स-रे चिखल झाले होते. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते की प्रत्येक कागदाचा फोटो काढून तो मुंबईच्या भावाच्या नाहीतर मुलीच्या मोबाइलवर पाठवून ठेवा.

४. भरती होण्याआधी आरोग्यमित्र शोधायचा.

योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, बहुतेक वेळा दाराजवळच. योजना बहुतेक करून भरती झालेल्या पेशंटसाठी आहे, बाह्यरुग्णाच्या गोळ्यांसाठी नाही, आणि ती यादीतल्या आजारांना यादीतल्याच दवाखान्यात लागू होते. म्हणून डिपॉझिट भरण्याआधी विचारायचं: हा दवाखाना योजनेत आहे का, हे ऑपरेशन त्यात बसतं का, मंजुरी कधी येईल? तातडी असेल तर फोनवर कळवून उपचार सुरू करता येतात आणि कागद मागाहून दिले तरी चालतात. मंजूर झालेल्या रकमेत तपासण्या, औषधं, पेशंटचं जेवण आणि घरी परतण्याचं एसटीचं भाडंसुद्धा धरलेलं असतं, सुट्टीनंतरच्या दहा दिवसांचा पाठपुरावाही. हे भाडं मागायला लोक लाजतात. लाजू नये, तो आपला हक्क आहे. कुणी वेगळे पैसे मागितले तर १५५३८८ वर फोन करायचा, आणि फोन केल्याचं त्या टेबलाजवळ उभं राहून मोठ्यानं सांगायचं.

५. महाग तेच गुणकारी ही समजूत महाड-पोलादपूर भागात तरी टिकायला नको होती.

डॉ. हिंमतराव बावसकर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले तेव्हा लाल विंचवाचा डंख म्हणजे घरावरचं संकट होतं. पेंढा उचलताना, लाकडाची मोळी बांधताना, बांधाचा दगड सरकवताना डंख व्हायचा. घाम, उलट्या, हातपाय गार, मग छातीत पाणी. गंभीर पेशंटांतले शंभरात तीस-चाळीस दगावत. बावसकरांनी पेशंटच्या उशाशी बसून रात्र-रात्र नोंदी ठेवल्या, विष हृदयावर काय करतं ते ओळखलं आणि रक्तदाबासाठीची प्राझोसिन ही साधी गोळी द्यायला सुरुवात केली. १९८० च्या दशकात हे काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. मृत्यूंचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास उतरलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आमच्या आयांच्या पिढीला हा इतिहास कुणी सांगावा लागत नाही. त्यांच्यातल्या कित्येकींची मुलं त्या गोळीनं वाचली आहेत.

विंचवाचा डंख असो की फुरशाचा, औषध सरकारी दवाखान्यात असतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. सर्पदंशाची लस तिथे आहे, कुत्रा चावल्यावरची लसही तिथेच आहे. पैसे आणि जीव दोन्ही जातात ते भगताच्या अंगणात घालवलेल्या तासांमुळे.

बावसकर डॉक्टरांच्याच बाबतीतली दुसरी गोष्ट मी मुद्दाम सभेत सांगते. २०१३ मध्ये एका पेशंटला एमआरआयसाठी पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राकडून त्यांना १,२०० रुपयांचा चेक आला. त्यांनी तो परत केला आणि वैद्यकीय परिषदेकडे तक्रार केली. कट प्रॅक्टिसबद्दल डॉक्टरमंडळी आपसात कुजबुजत होती, महाडच्या एका डॉक्टरांनी ती उघड्यावर आणली. ते १,२०० रुपये कुणाच्या खिशातले होते? एमआरआयसाठी कर्ज काढलेल्या माणसाच्याच. म्हणून तपासणी लिहून दिली की नम्रपणे दोन प्रश्न विचारायचे. हिचा निकाल काही आला तरी औषध तेच राहणार आहे का? हीच तपासणी सरकारी दवाखान्यात होते का? चांगला डॉक्टर या प्रश्नांवर रागवत नाही, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

६. रोजची गोळी बंद करून वाचवलेला पैसा सर्वांत महाग पडतो.

बीपी आणि साखरेच्या गोळ्या लावणीच्या दिवसांत सुटतात. सकाळी चिखलात उतरायची घाई, हातात पैसा नाही, आणि तब्येतही बरी वाटत असते. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा घरातला कर्ता माणूस खाटेवर एक बाजू गेलेला दिसतो. मग मालिश, फिजिओथेरपी, सोबतीला घरातला एक माणूस कायमचा अडकलेला. यातलं फारसं कुठल्या योजनेत येत नाही. आणि या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात! बाहेरून घ्यायच्याच असतील तर जनऔषधी केंद्रातून, नाहीतर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहून द्यायला सांगून. आमच्या आशाताई बैलपोळ्याआधी एक फेरी फक्त गोळ्या मोजायला मारतात. ही त्यांची स्वतःची कल्पना, कुठल्या परिपत्रकात नाही.

७. मोठ्या दवाखान्याच्या नावामागे ट्रस्ट असेल तर धर्मादाय खाटा विचारायच्या.

कायद्यानं दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. उच्च न्यायालयाच्या आदेशानं ही योजना २००६ पासून लागू आहे. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तोही तिसऱ्या कलमातल्या कागदांबरोबर काढून ठेवावा. दवाखान्यात दरपत्रक आणि रुग्णांच्या हक्कांची सनद लावलेली असली पाहिजे, ती वाचावी. औषध आतल्याच दुकानातून घ्यायची सक्ती नसते.

८. पैसे उभे करण्यालाही क्रम असतो.

आधी बँकेत सोनं तारण, मग गट, मग भाऊबंद. दुभती म्हैस विकू नये. घ्यायला येणाऱ्याला आपली नड कळलेली असते, तो निम्म्यात मागतो, आणि पेशंट घरी आल्यावर दूध विकत आणावं लागतं. जमिनीच्या कागदावर तर दवाखान्यात असेपर्यंत सही करायचीच नाही. महामार्ग चौपदरी झाल्यापासून आमच्याकडे जमिनीला गिऱ्हाईक बारा महिने आहे, आणि कुठल्या घरात आजारपण आहे याची खबर दलालाला नातेवाइकांआधी लागते. आयसीयूबाहेर दिलेल्या इसाराच्या पैशाची रक्कम मी ऐकलेली आहे. तीच जमीन सहा महिन्यांनी कितीला गेली तेही ऐकलेलं आहे. या एका गोष्टीसाठी आमचा गट नियम मोडून जादा कर्ज देतो.

९. सोबत जाणाऱ्या माणसाचाही खर्च धरायचा.

परळला केईएममध्ये उपचार स्वस्त आहेत, पण सोबतच्या माणसानं राहायचं कुठे? पूर्वी लालबाग-परळच्या खोलीत गावचं कुणीही महिनाभर पथारी टाकायचं. आता त्या खोल्या विकून पोरं विरार-बदलापूरला गेली, तिथून रोज लोकलनं दवाखाना गाठणं म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही. कॅन्सरचा पेशंट असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा मोठा आधार आहे, आणि टाटाचं खारघरचं केंद्र आपल्याला परळपेक्षा जवळ पडतं. गावच्या मुंबई मंडळांनी सत्यनारायणाच्या वर्गणीतला थोडा भाग अशा सोबत्यांच्या राहण्याजेवणासाठी बाजूला काढावा असं मी प्रत्येक वार्षिक सभेला कळवते. काही मंडळांनी सुरुवात केली आहे.

१०. बाईचं दुखणं वहीत दिसत नाही.

नवऱ्याची अँजिओग्राफी, मुलाचा मोडलेला हात, सासऱ्यांचा मोतीबिंदू, मुलीचं बाळंतपण यासाठी बायका न लाजता कर्ज मागतात. स्वतःच्या पिशवीच्या दुखण्यासाठी, अंगावरून जाण्यासाठी, छातीतल्या गाठीसाठी फारच थोड्या मागतात. एवढ्याशासाठी कशाला पैसे घालवायचे, असं म्हणत वर्ष काढतात, आणि जे पहिल्या महिन्यात फुकटात निस्तरलं असतं ते तिसऱ्या वर्षी टाटाच्या रांगेत जाऊन उभं राहतं. मला सगळ्यांत जास्त राग येतो तो याचा. त्यात पैशाचा प्रश्न आहेच, पण दहा जणींपुढे सभेत कारण सांगावं लागतं हाही आहे.

म्हणून आम्ही ठराव केला. बाईच्या स्वतःच्या तपासणीसाठी गाडीभाडं आणि पहिल्या तपासणीपुरती रक्कम बिनव्याजी मिळते. कारण फक्त अध्यक्षा आणि मी ऐकतो, वहीत नुसतं ‘प्रवास’ लिहितो. तिच्याबरोबर गटातली एक बाई जाते, ती कोण हे तिनं निवडायचं. परतफेड भात विकल्यावर. ठराव झाल्यानंतर पहिली मागणी यायला बरेच दिवस लागले, ती आली एका सासूकडून. तिनं पैसे स्वतःसाठी मागितले आणि जाताना सुनेलाही बरोबर नेलं, दोघींची तपासणी एकाच फेरीत झाली. आता बँकेच्या साहेबांचं म्हणणं आहे की कारण स्पष्ट लिहिलं नाही तर लेखापरीक्षणात अडचण येईल. पुढच्या महिन्याच्या सभेत त्यांना बोलावलं आहे. ठराव मागे घ्यायचा नाही हे आमचं आधीच ठरलं आहे, रकान्यात कुठला शब्द घालायचा एवढंच त्यांच्याशी बोलायचं आहे.